बाकावर विसावलेली आई : उत्तर कोरियातील एका छायाचित्राचे प्रकरण

प्याँगयांगमधील एका करमणूक उद्यानात एक आई आणि तिचे मूल दमून बाकावर विसावले आहेत. आपल्याकडच्या कुठल्याही बागेत रविवारी संध्याकाळी असे दृश्य पावलोपावली दिसते आणि त्याचा फोटो काढावा असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. फ्रेंच छायाचित्रकार एरिक लाफोर्ग यांनी तो काढला, आणि सोबत असलेल्या सरकारी गाइडने तो लगेच पुसून टाकायला सांगितला. त्यामागचे कारण लाफोर्ग यांनी नोंदवून ठेवले आहे. ही माणसे बेघर आहेत असे तुम्ही बाहेर जाऊन सांगाल, अशी गाइडची खात्री होती.

या एका फोटोभोवती जे घडले ते थोडक्यात असे. लाफोर्ग 2008 ते 2012 या काळात सहा वेळा पर्यटक म्हणून उत्तर कोरियात गेले. दरवेळी गाइडनी त्यांना बरेच फोटो काढू दिले, काही काढू दिले नाहीत आणि काही काढल्यानंतर पुसायला लावले. पुसायला सांगितलेल्यांपैकी पुष्कळसे फोटो त्यांनी मेमरी कार्डांच्या आधारे वाचवून बाहेर आणले. सप्टेंबर 2012 मधील सहाव्या फेरीनंतर त्यांनी ते इंटरनेटवर टाकले, ते उत्तर कोरियाच्या अधिकाऱ्यांच्या नजरेस आले आणि ते काढून टाकावेत अशी मागणी झाली. लाफोर्ग यांनी नकार दिला. आपण चांगले आणि वाईट असे दोन्ही दाखवले आहे, प्रत्येक देशात आपण असेच वागतो आणि या देशासाठी वेगळा नियम लावणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यानंतर त्यांना त्या देशात कायमची बंदी झाली.

कोणाला अटक झाली नाही, खटला चालला नाही, दूतावासांची धावपळ झाली नाही. माझ्या मते हे प्रकरण अभ्यासासाठी निवडण्याचे कारण नेमके हेच आहे. उत्तर कोरियातील पर्यटनावर बोलताना आपण बहुधा शिक्षा झालेल्या माणसांपासून सुरुवात करतो, आणि त्यांच्या दुःखापुढे नियंत्रणाची रोजची, शांत, जवळजवळ घरगुती म्हणावी अशी पद्धत नजरेआड होते. लाफोर्ग यांच्या प्रकरणात ती पद्धत स्वच्छ दिसते.

आधी व्यवस्था समजून घ्यायला हवी. त्या काळी पाश्चात्त्य पर्यटक बहुधा बीजिंगमार्गे जात. तिथे 1993 पासून काम करणाऱ्या कोर्यो टूर्ससारख्या विदेशी संस्था गट जमवत, आणि प्रत्यक्ष देशात त्या गटाचा ताबा सरकारी पर्यटन संस्थेकडे जाई. व्हिसा पारपत्रावर न उमटता वेगळ्या कागदावर मिळे आणि बाहेर पडताना तो कागद परत घेतला जाई, त्यामुळे पारपत्र पाहून हा माणूस तिथे जाऊन आला हे कळतही नसे. एकट्या पर्यटकासोबतसुद्धा दोन गाइड आणि एक चालक असत. दोन गाइड का, याचे उत्तर बहुतेक जाणकार एकच देतात. एकाने पाहुण्यांवर लक्ष ठेवायचे आणि दोघांनी एकमेकांवर. अनेकांचा मुक्काम यांगाक्दो हॉटेलात असे. 1995 साली सुरू झालेली ही 47 मजली इमारत तेदोंग नदीतील एका बेटावर आहे. बेटावर थोडे हिंडता येते, पण पूल ओलांडून एकट्याने शहरात जाता येत नाही. एरवीच्या प्रवासात पर्यटकाची सर्वांत मोठी चैन म्हणजे उगाच भटकणे, वाट चुकणे आणि चुकलेल्या वाटेवर काहीतरी सापडणे. इथे वाट चुकण्याचीच सोय नाही. एप्रिल 2012 मध्ये देशाचे संस्थापक किम इल-सुंग यांच्या जन्मशताब्दीसाठी बोलावलेल्या विदेशी पत्रकारांची बस प्याँगयांगमध्ये एका चुकीच्या वळणावर गेली, तर त्या बाजूच्या रस्त्याचीच बातमी झाली. त्या रस्त्यावर कुठलेही रहस्य नव्हते, तो फक्त कार्यक्रमपत्रिकेत नव्हता.

छायाचित्रांविषयीचे सांगितले जाणारे नियम तसे मोजके होते. सैनिक, लष्करी ठाणी, तपासणी नाके आणि अर्धवट बांधकामे यांचे फोटो काढायचे नाहीत. नेत्यांच्या पुतळ्यांचा फोटो काढताना पुतळा डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत आला पाहिजे, हात किंवा पाय कापला जाता कामा नये. पुतळ्यासमोर त्याच्यासारखा हात उंचावून उभे राहायचे नाही. नेत्याचे चित्र असलेले वर्तमानपत्र घडी करून चित्राला सुरकुती पाडायची नाही. मानसू टेकडीवर 1972 साली उभारलेला किम इल-सुंग यांचा प्रचंड ब्राँझ पुतळा आणि 2012 मध्ये त्याच्या शेजारी आलेला त्यांचे पुत्र व वारस किम जोंग-इल यांचा पुतळा पाहायला गेल्यावर फुले वाहून, रांगेत उभे राहून, वाकून नमस्कार करायचा आणि मगच कॅमेरा काढायचा. दोन्ही नेत्यांचे पार्थिव ज्या कुमसुसान प्रासादात जतन केले आहे तिथे तर कॅमेरा आत नेताच येत नाही. जीपीएस उपकरणे आणि फार लांब पल्ल्याच्या लेन्स सोबत नेऊ देत नसत.

यातले काही नियम इतर देशांतही आहेत. आपल्याकडे 1923 चा शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे आणि संरक्षणाच्या ठिकाणी फोटो काढणाऱ्याला त्या कायद्याखाली पकडता येते. त्यामुळे सैनिकांचा फोटो नको, या नियमाविषयी केवळ नियम म्हणून फारशी तक्रार करता येत नाही. अडचण येते ती तो नियम उत्तर कोरियाच्या रस्त्यावर नेऊन ठेवल्यावर. 2008 च्या जनगणनेत त्या देशाची लोकसंख्या 2 कोटी 40 लाख होती आणि सैन्यदलाचा सर्वसाधारण अंदाज बारा लाखांच्या आसपास सांगितला जातो, म्हणजे दर वीस माणसांमागे एक गणवेशात. शिवाय हे सैनिक छावणीत बसून नसतात. ते इमारती बांधतात, शेतात राबतात, महामार्गाच्या कडेला उभे राहून येणाऱ्या वाहनांना हात दाखवतात. लाफोर्ग यांच्या संग्रहात शेतात झोपलेला एक सैनिक आहे. त्याच्यात लष्करी गुपित असे काहीच नाही. कष्टाने पेंगुळलेला एक तरुण मुलगा आहे, इतकेच. पण गणवेश अंगावर असल्यामुळे तो निषिद्ध, आणि असे गणवेश सगळीकडे असल्यामुळे देशाचा केवढातरी भाग कॅमेऱ्यापुरता निषिद्ध होऊन बसतो.

यापुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे नियम संपतात आणि गाइडचा अंदाज सुरू होतो. एखाद्या कुटुंबाच्या घरी भेट असते. मुले संगणकासमोर बसलेली असतात. फोटो काढा, असे गाइड उत्साहाने सांगतात, कारण आमच्याही मुलांकडे संगणक आहेत हे जगाला दिसावे अशी त्यांची इच्छा असते. मग त्यांच्या लक्षात येते की घरात वीजच नाही, आणि तोच फोटो पुसायला सांगितला जातो. भुयारी रेल्वेत लाफोर्ग यांनी काढलेला एक फोटो पुसायला लावण्यात आला, कारण त्याच्या चौकटीत बोगदा आला होता. ही रेल्वे 1973 साली सुरू झाली, ती जमिनीखाली सुमारे शंभर मीटर खोल आहे आणि युद्धकाळात आसरा म्हणूनही तिच्याकडे पाहिले जाते. झुंबरे आणि भित्तिचित्रे असलेले तिचे फलाट पर्यटकांना अभिमानाने दाखवत, त्यांचे फोटो हवे तेवढे काढू देत, पण गाडी ज्या काळोखात शिरते तो काळोख काढायचा नाही. किम इल-सुंग यांच्या एका पुतळ्याच्या चौथऱ्याला टेकून ठेवलेला एक झाडू लाफोर्ग यांनी टिपला. सफाई करणाऱ्याने क्षणभर हातातला झाडू टेकवला असेल. पुतळ्याचा मागून काढलेला फोटो हा जसा अपमान, तसाच हाही.

गरिबी लपवायची असते म्हणून हे सारे चालते, असे आपण सहज म्हणून जातो, पण या संग्रहातला एक फोटो तेवढ्यावर थांबू देत नाही. एका रविवारी प्याँगयांगच्या बागेत लाफोर्ग यांना एक मोटार उभी दिसली. तिचे मालक, अर्थातच वरच्या वर्तुळातले, तिथे मांस भाजत सुटीचा दिवस घालवत होते. तोही फोटो चालण्यासारखा नव्हता. म्हणजे दारिद्र्य दाखवायचे नाही आणि श्रीमंतीही दाखवायची नाही, कारण समतेचा दावा करणाऱ्या राज्याला दोन्ही सारखीच अडचणीची. दाखवायची ती फक्त आधी ठरलेली, मधली, स्वच्छ आणि समाधानी माणसे.

आता पुन्हा बाकावरच्या आईकडे येऊ. तिच्या फोटोत गणवेश नाही, पुतळा नाही, बोगदा नाही, गरिबीही नाही आणि श्रीमंतीही नाही. तरी तो पुसायचा, कारण गाइडला भीती होती ती त्या फोटोखाली येऊ शकणाऱ्या वाक्याची. या प्रकरणातून मला जे सांगायचे आहे ते हेच आहे. नियंत्रण चौकटीवर आहे असे वरवर वाटते, पण ते खरे तर चौकटीच्या खालच्या ओळीवर आहे. ती ओळ उद्या परदेशात, परक्या भाषेत, गाइडच्या पाठीमागे लिहिली जाणार असते. तिच्यावर त्याचा काहीही ताबा चालत नाही, म्हणून तो आज हाताशी असलेल्या एकमेव गोष्टीवर, म्हणजे फोटोवर, ताबा चालवतो. मराठीत आपण फोटो ‘काढतो’, आणि दोषही ‘काढतो’. त्या गाइडच्या मनात या दोन्ही क्रिया एकच झालेल्या असतात. कॅमेरा घेतलेला पाहुणा म्हणजे दोष काढायला आलेला पाहुणा, हे गृहीत धरूनच त्याचा दिवस सुरू होतो.

ही भीती एकट्या उत्तर कोरियाची नव्हे, आणि नवीही नव्हे. 1972 साली चीन सरकारने इटालियन दिग्दर्शक मायकेलअँजेलो अँटोनिओनी यांना माहितीपटासाठी बोलावले, आणि 1974 च्या जानेवारीत चीनच्या अधिकृत दैनिकाने त्यांच्यावर दुष्ट हेतूचा आरोप करणारा प्रदीर्घ लेख छापला. त्या लेखातल्या आक्षेपांपैकी एक नानजिंगच्या यांग्त्से नदीवरील पुलाविषयी होता. तो भव्य पूल मुद्दाम वाईट कोनांतून दाखवला, त्यामुळे तो वाकडा आणि डगमगता भासतो, अशी तक्रार होती. पूल समोरून आणि पूर्ण दिसला पाहिजे, पुतळा समोरून आणि पूर्ण दिसला पाहिजे. तुकडा दाखवणे, बाजूने दाखवणे, मागून दाखवणे हे तिथे वाईट हेतूचा पुरावा समजले जाते. छायाचित्रणाची कला मात्र नेमकी तुकडा निवडण्यावर उभी आहे. म्हणून मला वाटते की हा वाद चार-दोन निषिद्ध वस्तूंचा नव्हता. एका बाजूला सगळे एकदम आणि ठरलेल्या क्रमाने दाखवू इच्छिणारे राज्य होते, दुसऱ्या बाजूला एका क्षणाचा एक तुकडा उचलणारा कॅमेरा होता, आणि या दोघांचे पटणे कठीणच होते.

लाफोर्ग यांच्या काळात या वादाला तंत्राचा एक नवा पदर जोडला गेला. फिल्मच्या जमान्यात पहारेकऱ्याला काढलेला फोटो दिसत नसे. संशय आलाच तर कॅमेरा उघडून सगळा रोल उजेडात धरायचा, नाहीतर सोडून द्यायचे, असे दोनच मार्ग होते. डिजिटल कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यामुळे प्रत्येक फोटो स्वतंत्रपणे तपासता येऊ लागला, आणि गाइड व पाहुणा यांच्यात फोटोगणिक बोलणी सुरू झाली. हा राहू द्या, हा नको, यात हा माणूस का आला आहे, तो पलीकडचा पुसा. रेल्वेने परतणाऱ्यांना सीमेवरच्या सिनुइजू स्थानकात हाच अनुभव येई. चीनच्या दानदोंग शहराकडे जाणारा पूल ओलांडण्याआधी गाडी थांबे, गणवेशातले तपासनीस डब्यात येत आणि कॅमेरे हातात घेऊन एकेक फोटो पुढे सरकवत. पण हेच तंत्र उलटही फिरले. कार्डावरचा फोटो पुसला म्हणजे बहुधा त्याची नोंद तेवढी जाते. त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत मूळ माहिती कार्डावरच असते आणि साध्या संगणकीय साधनांनी ती परत मिळवता येते. शिवाय बोटाच्या पेराएवढे दुसरे कार्ड खिशात असायला काहीच लागत नाही. पुसण्याचा आदेश पाळला गेला याची खात्री गाइडला पटते ती पडद्यावरून फोटो नाहीसा होताना पाहून, आणि ती खात्री फारशी पक्की नसते.

इथे धोक्याचा विचार टाळता येत नाही. लाफोर्ग यांना बंदी झाली त्याच वर्षी, नोव्हेंबर 2012 मध्ये, पर्यटकांचे गट घेऊन जाणारे अमेरिकी नागरिक केनेथ बे यांना उत्तर कोरियाच्या ईशान्येकडील रासोनमध्ये अटक झाली. चुकून सोबत आलेली एक हार्ड डिस्क तपासणीत सापडली, तिथून प्रकरण सुरू झाले आणि धर्मप्रचाराच्या कामावरून राज्याविरुद्ध कट केल्याचा ठपका ठेवून त्यांना 15 वर्षे सक्तमजुरी झाली. दोन वर्षांनी त्यांची सुटका झाली. जानेवारी 2016 मध्ये पकडलेल्या ऑटो वॉर्मबियर या विद्यार्थ्यावर यांगाक्दो हॉटेलातील एक प्रचारफलक चोरण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप होता. त्यालाही 15 वर्षांची शिक्षा झाली. जून 2017 मध्ये तो बेशुद्धावस्थेत मायदेशी परतला आणि काही दिवसांतच वारला. या दोन प्रकरणांत फोटो हा मुद्दा नव्हता. पण खिशात जास्तीचे कार्ड घेऊन सिनुइजूच्या डब्यात बसणे म्हणजे काय, याचा अंदाज त्यांवरून येतो. जे लाफोर्ग यांना जमले ते आपल्यालाही जमेल, असे समजून कोणी निघू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

आणि पाहुण्यापेक्षाही गाइडचा धोका मोठा असतो. पाहुणा फार तर पुन्हा येऊ शकत नाही. गाइड तिथेच राहतो, त्याचे घरदार तिथेच असते, आणि गटाच्या वागण्याची जबाबदारी त्याच्या माथी असते. पाहुण्याने बाहेर जाऊन काय छापले, याचा जाब आधी त्यालाच विचारला जाणार. या गाइडना फक्त पहारेकरी समजणे मला पटत नाही. घरी पाहुणे येणार म्हटल्यावर फाटकी चादर आत लोटून ठेवायची, मुलांना नवे कपडे घालायचे आणि चार लोकांत शोभा होऊ नये म्हणून जपायचे, हे आपणही करतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपल्याच घरातली आहे. त्या गाइडच्या वागण्यात राज्याची भीती जितकी असते तितकीच यजमानाची लाजही असते, आणि या दोन गोष्टी त्यालाही एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नसतील. दमलेल्या आईला कोणी बेघर म्हणू नये, असे त्याला वाटले त्यात आपल्या माणसांच्या मानाची काळजीही होती, असे मी समजतो.

मग लाफोर्ग यांनी नकार दिला तो योग्य की अयोग्य? सरसकट सर्व फोटो काढून टाकण्याची मागणी त्यांनी फेटाळली, ते माझ्या मते योग्यच केले. ते फोटो नसते तर त्या पाच वर्षांची आपल्याकडे उरली असती ती फलाटावरची झुंबरे, मैदानावरच्या शिस्तबद्ध कवायती आणि समोरून पूर्ण दिसणारे पुतळे. त्यांच्या संग्रहात हसणारी माणसे आहेत, समुद्रात डुंबणारे सैनिक आहेत, घरातली ऊब आहे. ही सारी माणसे आपल्याला माणसे म्हणून दिसतात ती पुसायला सांगितलेल्या फोटोंमुळेच. उत्तर कोरियाची सामान्य जनता म्हणजे एकसारखी हलणारी बाहुली, ही बाहेरच्या जगाची समजूत मोडायला शेतात झोपी गेलेल्या त्या सैनिकाने जेवढी मदत केली तेवढी कोणत्याही अग्रलेखाने केली नसेल.

तरीही दोन गोष्टी मला खटकतात. सगळे निषिद्ध फोटो एका मापाने मोजता येत नाहीत. पुतळ्याची पाठ, चौथऱ्यावरचा झाडू किंवा काळोखा बोगदा यांनी फार तर राज्याचा मानभंग होतो, आणि तो राज्याने सोसावा. पण ज्या घरात वीज नव्हती त्या घराचे लोक ओळखू येतात. त्यांनी दार उघडले होते ते सरकारने आखलेल्या भेटीसाठी, आणि आपले घर जगभर कोणत्या मथळ्याखाली फिरणार आहे यावर त्यांचे मत कोणी विचारलेले नव्हते. अशा देशात चेहरा ही छायाचित्रकाराच्या सहीपेक्षा फार महाग गोष्ट असते. मी लाफोर्ग यांच्या जागी असतो तर झाडू ठेवला असता, बोगदा ठेवला असता, झोपलेल्या सैनिकाचा चेहरा ओळखू येत असेल तर तो फोटो बाजूला ठेवला असता, आणि त्या घराविषयी फक्त शब्दांत लिहिले असते. शब्दांत नाव-गाव झाकता येते. दुसरी गोष्ट पुसल्याचे दाखवून फोटो जपण्याची. सीमेवरच्या तपासनिसाला चकवणे मला समजते. पण चार-पाच दिवस एकाच गाडीत बसलेल्या, सोबत जेवलेल्या माणसासमोर बटण दाबायचे आणि मनात दुसरेच ठेवायचे, याचा भार हलका नाही. तो उचलावा लागतोच, असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. पण तो भार नाहीच, असे मानून लिहिलेली प्रवासवर्णने वाचवत नाहीत.

आणि गाइडची भीती किती खरी होती, हेही पाहायला हवे. लाफोर्ग यांनी बाकावरच्या आईविषयी प्रामाणिकपणे लिहिले. ती फक्त दमली होती आणि बेघर हा शब्द गाइडच्या तोंडचा होता, हे त्यांच्या टिपेत स्पष्ट आहे. पण ती टीप फोटोसोबत फार दूर गेली नाही. जगभरच्या संकेतस्थळांनी हा संग्रह उचलला तो उत्तर कोरियाने लपवलेले फोटो, बंदी घातलेले फोटो, अशा शीर्षकांखाली. उपाशी मुले, राबणारे सैनिक आणि रिकामे रस्ते यांच्या रांगेत ती आई जाऊन बसली. त्या रांगेत ती जे सांगू लागली ते गाइडने सांगितलेल्या वाक्यापासून फार लांब नव्हते. लाफोर्ग यांनी तो फोटो पुसला नाही हे बरोबर, आणि गाइडचा अंदाज खोटा ठरला नाही हेही तितकेच बरोबर.

पुढच्या काही वर्षांत या प्रकरणाची पार्श्वभूमीच बदलून गेली. जानेवारी 2012 मध्ये असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने प्याँगयांगमध्ये कार्यालय उघडले होतेच. जानेवारी 2013 पासून विदेशी पाहुण्यांना आपला मोबाइल सोबत आणू देण्यात आला, फेब्रुवारीत त्यांच्यासाठी थ्रीजी इंटरनेट सुरू झाले आणि त्याच संस्थेचे छायाचित्रकार डेव्हिड गुटेनफेल्डर प्याँगयांगच्या रस्त्यावरून थेट इन्स्टाग्रामवर फोटो टाकू लागले. लाफोर्ग यांना बंदी होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. फोटो सीमेपर्यंत पोचायच्या आतच बाहेर जाऊ शकतो हे त्यातून दिसले, पण पर्यटकांसाठी थ्रीजीची ही सोय महिनाभरातच बंद झाली. भुयारी रेल्वेची दोनच स्थानके दाखवण्याचा जुना रिवाजही पुढे सैल झाला. 2017 च्या सप्टेंबरपासून अमेरिकेने आपल्या नागरिकांना तिथे जायला मनाई केली. जानेवारी 2020 मध्ये महासाथीमुळे देशाची दारेच बंद झाली. ती पुन्हा किलकिली झाली ती फेब्रुवारी 2024 मध्ये, रशियन पर्यटकांसाठी. फेब्रुवारी 2025 मध्ये रासोन हा ईशान्येचा आर्थिक विभाग पाश्चात्त्य गटांसाठी उघडला आणि दोन-तीन आठवड्यांतच, कोणतेही कारण जाहीर न करता, पुन्हा बंद करण्यात आला. त्या अल्प काळात गेलेल्यांपैकी कित्येक जण चलचित्रे टाकणारे होते आणि त्यांची चित्रे ते परत येता येताच जगभर पाहिली जात होती. त्याच वर्षी जुलैमध्ये वोनसान-काल्मा हा समुद्रकिनाऱ्यावरचा मोठा विश्रामप्रकल्प सुरू झाला. तिथे तर पाहुणा कुठे बसेल, कुठे पोहेल आणि त्याच्या मागे कोणती पार्श्वभूमी येईल, हे बांधकामातच ठरलेले आहे. तिथे फोटो पुसायला सांगण्याची वेळ गाइडवर क्वचितच येत असेल.

बाकावरच्या आईचा फोटो आजही इंटरनेटवर सहज सापडतो, अजूनही त्याच जुन्या शीर्षकाखाली. शेजारचे ते मूल तेव्हा तीन-चार वर्षांचे धरले तर आता विशीच्या आसपास आले असेल. उत्तर कोरियात सैन्यभरती सतराव्या वर्षापासून होते. गणवेशात ते कुठे रस्त्याच्या कडेला थकून बसलेले दिसले, तर त्याचा फोटो काढायला आता पहिल्याच नियमाप्रमाणे मनाई आहे.